त्रेसष्ट फरशांचा तलाव

"पाण्याले विचारू नका, बाई. पाणी स्वतःचं कधी सांगत नाही. त्याच्या शेजाऱ्यायले विचारा."

शफीसाबांचा तो आवाज इतक्या वर्षांनी अजून कानात आहे. विडीनं भाजलेला, घोगरा, आणि वाक्य संपलं तरी थोडं हसू मागं राखून ठेवणारा. साल छप्पन्न. मी तेवीस वर्षांची, पळसबोडीच्या शाळेत मास्तरीण. चांदा जिल्ह्याच्या आमच्या झाडीपट्टीत तेव्हा मास्तरणी बोटांवर मोजाव्या इतक्या. शाळा म्हणजे मालगुजाराची रिकामी कचेरी. मालगुजारी गेली, मालगुजार नागपूरला गेले, मागं राहिली काळ्या फरशीची एक लांबट खोली आणि गावाच्या डोक्यावरचा तलाव. खोली शाळेला मिळाली, तलाव सरकारला.

तलावाला आम्ही तलावच म्हणायचो, पण त्याच्या मातीच्या बांधाला म्हणायचो पार. नऊशे फूट लांब, दोन पुरुष उंच. पारीच्या पलीकडे पाणी, अलीकडे आमची ऐंशी घरं. माझा बा, लटारू, त्या तलावाचा पाणकर. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती वेळ पाणी सोडायचं ते तो ठरवायचा, आणि त्याच्या शब्दावर कोणी शब्द चढवत नसे.

शफीसाब चांद्याचे ओव्हरसियर. सायकलवर आले, मागं कॅरियरला नकाशांची नळी बांधलेली. पार तीन फूट उंच करायचा हुकूम होता. खालच्या बांध्यांना दर साली शेवटचं पाणी कमी पडे, म्हणून सरपंच भैयाजी दोन वर्षं त्यासाठी अर्ज करत होते. नकाशा वरच्या ऑफिसातून तयार होऊनच आला होता. साबांनी फक्त जागा बघून सही करायची होती.

"सही करतो जी," ते भैयाजींना म्हणाले, "पण हुकूम कागदावर चढतो, पाणी मातीत चढतं. तीन फूट जास्त पाणी उभं राहिलं तर मातीच्या पोटातून ते किती जोरानं चालेल, हे आधी बघू द्या."

"बघा ना. पार फोडून बघता का?" भैयाजी हसले.

"न फोडता. फरशीवर."

साब सहा महिने पुण्याकडे शिकून आले होते. तिथं त्यांनी माणसं पाहिली होती, दिवसभर चौकोनांत आकडे भरणारी. पाणी नाही, नळ नाही, नुसते आकडे, आणि त्या आकड्यांतून धरणाच्या पोटातलं पाणी दिसायचं. त्यांना तसं करायचं होतं, पण आकडे भरणारं कोणी हवं होतं. शाळेला होळीची सुट्टी लागलेली. त्यांनी मला विचारलं, "पावकी येते ना, बाई?"

"साब, मी पावकी शिकवते."

"मंग झालं. चार शेजाऱ्यांची बेरीज करायची आणि तिची पावकी, म्हणजे चौथा हिस्सा, घ्यायची. याच्या पलीकडे काही नाही."

पण त्यांनी मला लगेच आकड्यांना हात लावू दिला नाही. दोन दिवस नुसतं बोलणं. "आधी सांगा, आपल्याले पाह्यजे काय?"

मी म्हणाले, "पार टिकेल का."

"फार मोठं झालं. घास लहान करा."

मी विचार केला. "पारीच्या पायथ्याशी पाणी किती जोर करेल."

"हां! आता बोलल्या. मोठ्या सवालाले फरशी उत्तर देत नाही."

मग त्यांनी पार उभी कापली, मनातल्या मनात, काकडी कापावी तशी, आणि ती चकती खडूनं खोलीत मांडली. लांबीला नऊ फरशा, उंचीला सात. त्रेसष्ट. चढ-उताराबाहेरच्या फरशांवर गेरूनं फुली. उरलेली प्रत्येक फरशी म्हणजे एक बांधी. धानाच्या बांधीत पाणी कसं, वरच्या बांधीतून येतं, खालच्या बांधीत उतरतं, शेजारच्या बांधापलीकडे काय आहे यावर आपली पातळी ठरते. मला ते लगेच पटलं. त्यात माझं बाळपण गेलं होतं.

"दुनिया कुठंतरी थांबवावी लागते, बाई. सारी दुनिया खोलीत मावत नाही." डावीकडे तलाव लागला की थांबायचं, तिथं शंभर लिहायचं, म्हणजे भरल्या पाण्याचा पूर्ण जोर. उजवीकडे पायथा, तिथं शून्य. खाली खडक. खडकाशेजारची फरशी खाली विचारायला गेली तर तिला आरसा दिसतो, म्हणून वरच्या शेजाऱ्याचाच आकडा खालीही धरायचा. सर्वात वर ओल कुठवर चढते ती रेघ साबांनी अंदाजानं ओढली आणि म्हणाले, "ही माझी लबाडी. नंतर सुधारू."

"आणि आत काय आहे?" त्यांनी वही काढली. "हे पारीच्या माणसालेच विचारलं पाह्यजे."

बा दारात उकिडवा बसला होता. तो रोज येऊन तिथंच बसे, आत येत नसे. पोरीच्या शाळेत बापानं काय यायचं, म्हणे.

"माती हाय जी," बा म्हणाला. "कारी चिकन माती. हेल्यायनं तुडवलेली."

"सगळीकडे?"

"सगळीकडं."

"आणि जुना तुडुम?" तुडुम म्हणजे तलावाचं पाणी सोडायची मोरी. आता दगडी आहे; आधी पोखरलेल्या खोडाचा होता, पारीच्या आरपार निजवलेला.

"काढलो. दगडी झाला त्याच साली काढलो. होळीत जळला." आमच्याकडे रीतच तशी. जुन्या तुडुमाचं खोड विकायचं नाही, चुलीत घालायचं नाही. गावाला पाणी पाजलेलं लाकूड, ते होळीलाच जातं, आणि गाव त्याच्या पाया पडतं.

"मीही पाया पडली होती जी," बाजूच्या मनकर्णाकाकी म्हणाल्या. साबांनी लिहून घेतलं: सगळी माती.

"चकती कुठं कापायची? सगळ्यात खोल कुठं आहे?"

"मधात. पण मधात नको जी. उत्तरेकडं घ्या. तिकडं सोपं हाय."

"लटारूभाऊ, दुखते तिथंच बोट ठेवावं लागते," साब म्हणाले, आणि त्यांनी मधातच घेतली. बानं तंबाखू मळली आणि ती तोंडात न घालता झाडून टाकली. मी ते पाहिलं होतं. पाहिलं, आणि त्याचं काही केलं नाही.

शेवटी साब म्हणाले, "आता सर्वात मोठा सवाल. आपण चुकलो, ते कसं कळेल?"

"गणित चुकलं तर उत्तर चुकेल, साब."

"गणित बरोबर असून उत्तर चुकतं, बाई. ते जास्त भयंकर." म्हणून त्यांनी जंगलातून तीन लांब बांबू आणवले. तापल्या सळईनं आतल्या गाठी फोडल्या, तळाला फडकं बांधलं आणि पारीच्या उतारावर, चकतीच्या रेघेवर, खोल रोवले. मातीतलं पाणी बांबूत जितकं चढेल, तितका त्या जागी जोर. फरशीनं काय सांगावं ते सांगावं, बांबू खरं सांगेल. पण बांबूत पाणी स्थिर व्हायला आठ दिवस लागणार होते. तोवर आकडे.

त्या आठ दिवसांसारखे दिवस माझ्या आयुष्यात पुन्हा आले नाहीत. पहाटे बाया मोह वेचायला जात, दुपारी मनकर्णाकाकी कचेरीत येत, अंगाला मोहाचा गोड वास. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण पावकी त्यांच्या जिभेवर होती. मी फरशीफरशीवर उभी राहून चार शेजाऱ्यांचे आकडे ओरडायची, त्या पाव सांगायच्या, मी जुना आकडा ओल्या फडक्यानं पुसून नवा लिहायची. एक फरशी बदलली की तिच्या चौघी शेजारणी पुन्हा खोट्या पडायच्या. मग त्या सुधारायच्या, मग त्यांच्या शेजारणी. तिसऱ्या दिवशी काकींनी त्याची ओवीच केली:

*वरची सांगे सत्तर, खालची सांगे तीस,*
*डावी-उजवी पन्नास, मधली म्हणे वीस.*
*मधले बाई, खोटं नको, चौघींमधी बैस.*

साब दाराच्या चौकटीला टेकून हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "पुण्याच्या लोकायले हे सांगितलं पाह्यजे," म्हणाले.

हळूहळू आकडे हलायचे थांबले. सुरुवातीला दहा-दहानं उडायचे, मग दोन-दोननं, मग नुसते थरथरायचे. सातव्या दिवशी मी सगळ्या फरशा फिरले आणि एकीलाही पुसावं लागलं नाही. डावीकडून शंभर निघत होतं आणि पायरी पायरीनं थकत, शहाणं होत, उजवीकडे शून्याला टेकत होतं. पहिल्या बांबूच्या जागी बावन्न. दुसऱ्याच्या तेहेतीस. तिसऱ्याच्या, पायथ्याजवळ, चौदा. पार तीन फूट चढवली तरी टिकेल असं फरशी सांगत होती. मी बाला हाक मारली. "बा, बघ, पाणी निजलं." तो दारातूनच म्हणाला, "बरं झालं वं," आणि घराकडे गेला.

आठव्या दिवशी सकाळी बांबू मोजले.

साबांनी पहिल्या बांबूत दोरीला बांधलेली काठी सोडली, ओल कुठवर आली ते पाहिलं, गज लावला, आकडा केला. दुसऱ्यात सोडली. मग पुन्हा पहिल्यात. मी विचारलं, "किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

मला वाटलं चेष्टा करून राह्यले.

"दुसरा चौसष्ट." तिसऱ्याजवळ ते वाकले तेव्हा त्यांची टोपी पडली आणि त्यांनी ती उचलली नाही. "एक्केचाळीस."

चौदा. आम्ही चौदा लिहिलं होतं. पायथ्याशी, जिथं पाण्यानं दमून, रांगत यायचं, तिथं ते जवळजवळ तिप्पट जोरानं उभं होतं. खाली गावात कोणीतरी धान कांडत होतं, उखळाचा आवाज येत होता, एका घरातून धूर सरळ वर चालला होता. मी त्या धुराकडे बघत राहिले. पायांखाली गवत होतं, ते दिसत होतं पण लागत नव्हतं. मी साबांची टोपी उचलून झटकली आणि हातातच धरून ठेवली.

भैयाजी दुपारी कचेरीत आले. त्यांच्याबरोबर खालच्या बांध्यांचे चार जण.

"बापा, म्हणजे पोरीचं गणित चुकलं," ते म्हणाले. "त्याच्यात काय एवढं? बायकायनं ओव्या म्हणून धरणं बांधली असती तं इंजिनेर कायले ठेवले असते सरकारनं?"

सगळे हसले. मनकर्णाकाकी ताडकन म्हणाल्या, "भैयाजी, तुमच्या लग्नात मांडवाच्या पानायचं गणित चुकलं होतं, ते कोन केलं होतं? तुम्हीच ना?" हसू फिरलं, पण भैयाजींचं तोंड फिरलं नाही.

"शनिवारी मोठे साहेब येऊन राह्यले," ते शफीसाबांना म्हणाले. "सही झाली नाही तं हे काम दुसऱ्या गावाले जाते. मी दोन वर्षं चपला झिजवलो. तुम्हाले बांबूची भीती वाटते?"

"मले बांबूची नाही वाटत. एक तर गणित खोटं आहे, नाही तर माती खोटी आहे. माती खोटी असली आणि आपण वर तीन फूट पाणी ठेवलं, तं ही पार आतून धुतली जाईल. आणि खाली ऐंशी घरं."

"माती खोटी कशी असंल? लटारूभाऊनं सांगितली ती." आणि सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. बा तिथं नव्हता.

मी सगळं पुन्हा केलं. पुसून, शंभरापासून. हात बसला होता, आता दोनच दिवस लागले. तेच आले: बावन्न, तेहेतीस, चौदा. साबांनी नवे बांबू हातभर अंतरावर रोवून बघितले. दुसऱ्या दिवशी त्यांतही पाणी तेवढंच चढलं, आता तर आठ दिवसही लागले नाहीत. बा घरी जेवत नव्हता. ताट सरकवायचा आणि म्हणायचा, भूक नाई. मला वाटलं, माझी गावात थट्टा झाली ते त्याला लागलं असेल.

शुक्रवारी दुपारी मी एकटीच होते. फरशीवर बसून विचार करत होते, चुकले नाही तर मग काय? आणि साबांचंच बोलणं उलटं लागलं. आपण फरशीला जे सांगतो तेच ती सांगते. आपण सांगितलं: सगळी माती. समजा, सगळी माती नसली तर?

मी खालून दुसरी ओळ धरली. तलावाकडून सुरू करून पहिल्या फरशीत शंभर लिहिलं, तिच्या शेजारी पंच्याण्णव, मग नव्वद, जणू त्या ओळीत माती नाहीच, पाणी मोकळं धावतंय, आणि बाकीच्यांना म्हटलं, आता तुम्ही ठरवा. त्या हलल्या. संध्याकाळपर्यंत हलत राहिल्या. ओळ पाच फरशा लांब घेतली तेव्हा जुळलं नाही. सात घेतली.

सत्त्याहत्तर. पासष्ट. चाळीस.

मी खडू खाली ठेवला. त्रेसष्ट फरशांत एक लांब, सरळ, अरुंद गोष्ट निजली होती. तलावाकडे तोंड उघडं, पायथ्याकडे बंद. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी दाखवलं नव्हतं. पावकी घेता घेता ती वर आली होती. बाई गं, मी तिचं नाव जाणत होते आणि माझी जीभ ते उच्चारायला तयार नव्हती. कारण ते नाव उच्चारलं तर दुसरं एक नाव त्याच्या पाठोपाठ येणार होतं. होळीत खोड नेणारा माणूस एकच होता.

मी त्या संध्याकाळी बाला काही विचारलं नाही. दोघं एका चुलीपाशी बसलो.

शनिवारी सकाळी साब आले, भैयाजी आले, काकी आल्या. मोठे साहेब दुपारपर्यंत पोचणार होते. साबांनी नवे आकडे बघितले. खालून दुसऱ्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं, हवेतच, आणि त्यांचा चेहरा मातीसारखा झाला. "वच्छलाबाई," ते हळू म्हणाले, "हे तुम्ही काय काढलं?"

"जे बांबूशी जुळते ते."

"हे तं..." साब फरशीशी वाकले.

"काय हाय ते?" भैयाजी पुढे आले. "आकडे जुळत नाई म्हणून नवे आकडे? अशानं तं मी बी पारीत हत्ती काढून दाखवतो!" मग ते माझ्याकडे वळले, आवाज खाली आणून, आणि ते जास्त लागलं. "पोरी, तुह्या बापाच्या नजरेखाली ती पार हाय. तो म्हणते माती. तू त्याले खोटा पाडून राह्यली. भर गावात. पूस ते."

मी साबांकडे पाहिलं. साब फरशीकडे बघत होते. त्यांच्याजवळ तीन बांबू होते आणि एका मास्तरणीचे आकडे. समोर गावाचा पाणकर, त्याचा शब्द, आणि तेवीस वर्षांपूर्वीची होळी, जिच्या पाया सगळं गाव पडलेलं. "लटारूभाऊनं एकदा सांगितलं असतं..." ते म्हणाले.

मी फडकं ओलं केलं. खरं सांगते, मी पुसणार होते. बाला खोटा पाडायची माझ्यात ताकद नव्हती. मी पहिल्या फरशीशी गुडघे टेकले.

"पुसू नको वं."

बा दारात उभा होता. आजवर त्यानं उंबरा ओलांडला नव्हता; आता ओलांडला, चपला बाहेर काढून, आणि फरशांच्या कडेनं, एकाही आकड्यावर पाय न ठेवता, त्या ओळीच्या शेवटाशी येऊन थांबला.

"शफीसाब, तिचं गनित बराबर हाय. खोड आतच हाय. मी काढलोच नाई."

भैयाजींचा हात वर उचललेला तसाच राहिला. "अन् होळीत जाळलं ते?"

"ते दुसरं. जंगलातून आनलो, चिखल फासलो. तुम्ही सारे पाया पडले. मी बी पडलो."

काकींनी तोंडावर पदर दाबला. साबांनी विचारलं, "काऊन, लटारूभाऊ? तेवीस साल?"

पण बा त्यांच्याशी बोलत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, आणि मी गुडघ्यांवरच होते, हातातल्या फडक्यातून पाणी टपकत होतं.

"जेठ महिना होता. मी अन् माह्या हाताखालचा पत्रू खोडापर्यंत खोदत गेलो होतो. एक दिवस अजून लागला असता. तं मनकर्णा धावत आली, म्हने कमळाले कळा सुटल्या, पोर आडवं हाय. दोन्ही तोंडाले चिखल कोंबलो, वरून माती लोटलो अन् पळालो. घरी पोचलो तं तू रडून राह्यली होती, तुही माय नव्हती. तेरावं व्हायच्या आधी पानी आलं, तलाव भरला; तिकडच्या तोंडाचा चिखल पुढं धुतला गेला असंल. मंग पत्रू म्हने, सांगून टाक. पन तेव्हाच बाया कुजबुजून राह्यल्या होत्या, पोरीनं आल्याआल्या मायले खाल्लं. मी सांगतलो असतो तं म्हटले असते, याच पोरीच्या पायगुनानं पारीत भोक राह्यलं, आता गावाले खाईन. म्हनून नाई सांगतलो, माय. ते भोक तुह्या नावावर नको होतं मले."